नाव सापडलं, पूर्वज सापडला का?

27 नोव्हेंबर 1582 रोजी इंग्लंडमधल्या वूस्टर इथे, बिशपच्या कचेरीतल्या वहीत एका लग्नाच्या परवान्याची नोंद झाली. वर विल्यम शेक्सपिअर, वय अठरा. वधू अ‍ॅन व्हेटली, राहणार टेम्पल ग्राफ्टन. दुसऱ्या दिवशी याच लग्नासाठी दोन शेतकऱ्यांनी 40 पौंडांचा जामीन लिहून दिला. त्या कागदावरची वधू मात्र अ‍ॅन हॅथवे, राहणार स्ट्रॅटफर्ड. पुढे 26 मे 1583 रोजी स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्ये शेक्सपिअरच्या थोरल्या मुलीचा, सुझॅनाचा, बाप्तिस्मा झाला.

एका दिवसाच्या अंतराने वधू बदलली, एवढ्या भांडवलावर नंतरच्या लेखकांनी आख्खी प्रेमकथा उभी केली. शेक्सपिअरचं मन दुसरीवर होतं, हॅथवेच्या माणसांनी त्याला बोहल्यावर ढकललं वगैरे. अभ्यासकांनी मात्र वहीची बाकीची पानं उलटून पाहिली. त्याच दिवशी बिशपच्या न्यायालयात व्हेटली आडनावाच्या एका पाद्र्याचा खटला होता. कारकुनाच्या डोक्यात तेच आडनाव घोळत असावं आणि ते चुकीच्या ओळीत उतरलं असावं, असं बहुतेकांना वाटतं.

जगातल्या सर्वांत जास्त अभ्यासल्या गेलेल्या इंग्रज माणसाच्या लग्नाची ही गत, तर एखाद्या सुताराच्या किंवा शेतमजुराच्या नोंदींचं काय असेल? तरीही गेल्या पाचशे वर्षांतल्या सामान्य इंग्रज माणसांचा माग जितका लांबवर काढता येतो, तितका फार थोड्या देशांत काढता येतो. त्यासाठी प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारावे लागतात: हे कोणी लिहिलं, कशासाठी लिहिलं आणि कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं?

वह्या कशासाठी सुरू झाल्या?

5 सप्टेंबर 1538 रोजी आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला: प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, एक वही ठेवावी आणि तिच्यात बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद करावी. पाद्र्याने दर रविवारी चर्चच्या वॉर्डनसमोर आठवड्याच्या नोंदी लिहायच्या. वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची. एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी वॉर्डनकडे. हयगय झाली तर 3 शिलिंग 4 पेन्स दंड. लोकांना या हुकमात नव्या कराचा वास आला. बाळाच्या बाप्तिस्म्यावरही राजा पैसे उकळणार, अशी कुजबुज सुरू झाली. पंचवीस वर्षांनी, 1563 मध्ये, ट्रेंटच्या धर्मपरिषदेने कॅथलिक पॅरिशनाही बाप्तिस्मा आणि विवाहांच्या नोंदी सक्तीच्या केल्या. गोव्यातल्या जुन्या चर्चांच्या नोंदवह्या या दुसऱ्या नियमाच्या परंपरेतल्या.

सुरुवातीच्या वह्या साध्या कागदाच्या होत्या. ओल आणि उंदीर यांनी त्यांचा फडशा पाडला. 1598 मध्ये, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, नोंदी चर्मपत्रावर उतरवून घ्यायचा आदेश निघाला. जुन्या वह्यांची नक्कल करताना ‘विशेषतः राणीच्या राज्यारोहणापासूनच्या’ नोंदी उतरवाव्यात, अशी सवलत त्यात होती. कंटाळलेल्या नक्कलकारांनी तिचा पुरेपूर फायदा घेतला. म्हणून अनेक गावांच्या नोंदी नेमक्या 1558 पासून सुरू होतात. शेक्सपिअरची 26 एप्रिल 1564 ची बाप्तिस्म्याची नोंदही आज आपण पाहतो ती मूळ नव्हे, 1600 च्या सुमारास केलेली नक्कल आहे. जन्मतारीख तर तिच्यात नाहीच. 23 एप्रिल हा नंतर बांधलेला अंदाज.

याच आदेशाने आणखी एक उपकार केला. प्रत्येक पॅरिशने वर्षभराच्या नोंदींची प्रत बिशपकडे धाडायची होती. गावातली वही जळाली किंवा वाळवीने खाल्ली तर ही प्रत कामी येते. दोन्ही शिल्लक असतील तर त्यांच्यातले फरकही बोलके असतात.

इथे मराठी वाचकाला त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आठवतील. पण दोन्हींची जात वेगळी. त्र्यंबकेश्वरला घरचा माणूस येऊन स्वतः सांगतो की मी अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू, आणि उपाध्याय ती पिढी पुढे जोडतो. इंग्रजी वहीत वंशावळ नसते, नुसत्या सुट्या घटना असतात. आज एक बाळ, उद्या एक लग्न, परवा एक प्रेत. त्यातलं कोण कोणाचं, हे वाचणाऱ्यानेच सिद्ध करायचं.

बदलत गेलेले रकाने

सुरुवातीच्या नोंदी फार त्रोटक असत. दफनाच्या ओळीत कधी नुसतं नाव आणि तारीख. बाप्तिस्म्यात बापाचं नाव असे, आईचं बहुधा नसे. 1733 पर्यंत भाषाही पुष्कळदा लॅटिन. विल्यमचा ‘गुलिएल्मस’ आणि जेम्सचा ‘जॅकोबस’ झालेला दिसतो. पण या रुक्ष ओळींतही अधूनमधून थबकायला लावणारं काही भेटतं. 22 डिसेंबर 1616 रोजी लंडनच्या सेंट डायोनिस बॅकचर्चमध्ये बंगालच्या उपसागराकडून आलेल्या एका मुलाचा बाप्तिस्मा झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या पाद्र्याने त्याला इंग्लंडला आणलं होतं. त्याचं ‘पीटर’ हे नाव खुद्द पहिल्या जेम्स राजाने निवडलं. त्याचं मूळ नाव मात्र कोणी लिहून ठेवलं नाही.

सरकारला जेव्हा जेव्हा काही हवं झालं, तेव्हा तेव्हा वहीचा चेहरा बदलला. 1640 च्या दशकातल्या यादवी युद्धात पुष्कळ गावांच्या वह्यांत वर्षानुवर्षांची भगदाडं पडली. 1653 मध्ये क्रॉमवेल घराण्याच्याच दुसऱ्या पुरुषाच्या, ऑलिव्हरच्या, काळात नोंदी पाद्र्याकडून काढून निवडलेल्या अधिकाऱ्याकडे दिल्या गेल्या आणि लग्नं न्यायाधीशासमोर लागू लागली. 1660 मध्ये राजेशाही परतली तशी ही व्यवस्था गेली. लोकरीच्या धंद्याला आधार म्हणून 1666 मध्ये आणि अधिक कडकपणे 1678 मध्ये कायदा झाला: प्रेताला लोकरीचंच कफन हवं, नाहीतर 5 पौंड दंड. म्हणून त्या काळच्या दफनांपुढे कफन लोकरीचं असल्याचं ‘प्रतिज्ञापत्र दिले’ असा शेरा आढळतो. 1783 मध्ये दर नोंदीवर 3 पेन्स कर बसला. गरिबांना माफी होती. कर लागू होण्याआधी बाप्तिस्म्यांची झुंबड उडाली आणि नंतर वहीत गरिबांची संख्या एकाएकी वाढली. 1794 मध्ये कर उठला. या अकरा वर्षांत एखाद्या पूर्वजापुढे ‘निर्धन’ असं दिसलं, तर तो खरोखर निर्धन होता असं लगेच धरून चालू नये.

सर्वांत मोठा फायदा झाला तो 1754 मध्ये लागू झालेल्या हार्डविक यांच्या विवाह कायद्याने. त्याआधी चोरटी लग्नं सर्रास लागत. लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास तर त्यांचा बाजारच भरे. नव्या कायद्यानुसार क्वेकर पंथाचे लोक आणि ज्यू सोडून सर्वांना अँग्लिकन चर्चमध्येच लग्न करणं भाग पडलं. वर, वधू आणि दोन साक्षीदार यांच्या सह्या किंवा खुणा छापील वहीत आल्या. सही करणारा वर आणि शेजारी फुली मारणारी वधू यांतून त्या घरातलं अक्षरज्ञान कळतं. साक्षीदार बहुधा भाऊ, मेहुणा किंवा शेजारी असल्याने पुढच्या शोधाचे धागेही तिथेच मिळतात.

अर्थात छापील वही म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. स्टीव्हन्टन गावच्या विवाहवहीत नोंद कशी करावी हे दाखवणारं एक नमुन्याचं पान होतं. पाद्र्याच्या किशोरवयीन मुलीने त्या पानावर स्वतःची लग्नं लावून टाकली. वर एक नव्हे, तीन: हेन्री फ्रेडरिक हॉवर्ड फिट्झविल्यम, एडमंड आर्थर विल्यम मॉर्टिमर आणि शेवटी साधासुधा जॅक स्मिथ. ही मुलगी म्हणजे कादंबरीकार जेन ऑस्टिन. प्रत्यक्षात ती आयुष्यभर अविवाहित राहिली.

1813 पासून जॉर्ज रोझ यांच्या कायद्यामुळे बाप्तिस्मा आणि दफनासाठीही छापील रकाने आले. बाप्तिस्म्यात आईबापांची नावं, पत्ता आणि बापाचा धंदा. दफनात वय आणि राहण्याचं ठिकाण. शोधकर्त्याच्या दृष्टीने 1813 च्या अलीकडे रस्ता डांबरी आहे, पलीकडे पायवाट.

दारावर आलेला प्रगणक

इंग्लंडची पहिली आधुनिक जनगणना 10 मार्च 1801 रोजी झाली. पण 1831 पर्यंतच्या चार गणनांत सरकारला फक्त आकडे हवे होते. काही गावांत कोणी हौसेने नावं लिहिली असली तर आपलं नशीब. सर्वांची नावं सर्वत्र लिहिली गेली ती 6 जून 1841 च्या गणनेपासून. घरोघर तक्ता द्यायचा, तो भरून परत घ्यायचा आणि प्रगणकाने आपल्या वहीत उतरवायचा, अशी पद्धत होती. आज आपण वाचतो ती प्रगणकाची वही, म्हणजे पुन्हा एक नक्कल.

1841 ची गणना नवख्याला हमखास फसवते. पंधराच्या वरचं वय खालच्या पाचाच्या पटीत उतरवायची सूचना होती. म्हणजे 39 वर्षांची बाई कागदावर 35 ची. नातंही विचारलेलं नव्हतं. एका घरातले चाळिशीचे दोघे नवरा-बायको असतील किंवा भाऊ-बहीण. जन्मस्थळाबद्दलचा मुख्य प्रश्न एवढाच, की जन्म याच काउंटीतला का? 30 मार्च 1851 च्या गणनेत ही उणीव भरून निघाली. नेमकं वय, कुटुंबप्रमुखाशी नातं, वैवाहिक स्थिती आणि जन्माचं गाव हे सगळं आलं. म्हणून 1851 पर्यंत जगलेला पूर्वज ही शोधकर्त्याची मोठी कमाई. ती व्यक्ती 1780 मध्ये जन्मलेली असली, तरी तिच्या जन्मगावाचं नाव हाती लागतं आणि कोणत्या चर्चची वही उघडायची ते कळतं.

पण प्रगणक ऐकेल किंवा वाचेल तसं लिही. 1851 मध्ये लंडनच्या सोहो भागात 28, डीन स्ट्रीट या पत्त्यावर एक ‘चार्ल्स मार्क’ नोंदवला गेला, धंदा तत्त्वज्ञानाचा लेखक. हा कार्ल मार्क्स. संगणकावर फक्त ‘मार्क्स’ शोधणाऱ्याला तो कसा सापडणार? आडनावाचं एकच शुद्ध रूप असतं ही समजूत अगदी अलीकडची. ज्याला लिहिता येत नव्हतं, त्याच्या आडनावाचं लेखन ऐकणाऱ्याच्या कानावर अवलंबून होतं. वयाचंही तेच. दर दहा वर्षांनी काही बायका सात-आठ वर्षांनीच मोठ्या झालेल्या दिसतात.

1911 ची गणना फार बोलकी आहे, कारण त्या वर्षापासून कुटुंबप्रमुखाच्या हातचे मूळ तक्तेच जपले गेले. विवाहितेला किती मुलं झाली, किती हयात आहेत आणि किती दगावली, हेही त्या वर्षी विचारलं होतं. ‘झाली नऊ, हयात पाच’ एवढ्या नोंदीवरून दफनाच्या वहीत चार नावं शोधायला हवीत हे कळतं. मताचा हक्क मागणाऱ्या अनेक स्त्रियांनी त्या गणनेवर बहिष्कार टाकला. एमिली वाइल्डिंग डेव्हिसन ही कार्यकर्ती गणनेच्या रात्री संसदभवनातल्या प्रार्थनागृहाच्या एका कपाटात लपून बसली आणि तिथलीच रहिवासी म्हणून नोंदली गेली.

इंग्लंड आणि वेल्समधल्या गणनेचे तक्ते शंभर वर्षं बंद ठेवतात. 1921 चे तक्ते जानेवारी 2022 मध्ये खुले झाले. पुढचा टप्पा मात्र लांब आहे. 1931 चे तक्ते डिसेंबर 1942 च्या आगीत जळाले आणि 1941 मध्ये युद्धामुळे गणना झालीच नाही. मधली पोकळी थोडीफार भरून काढते ती 29 सप्टेंबर 1939 ची युद्धकालीन नोंदणी.

एक एक पायरी मागे

आता प्रत्यक्ष रीत पाहू. समजा, 3 एप्रिल 1881 च्या गणनेत सफोक काउंटीतला एक सुतार सापडला. वय 43, जन्मगाव लॅव्हनम. वय खरं असेल तर त्याचा जन्म एप्रिल 1837 ते एप्रिल 1838 यांच्या दरम्यानचा. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली 1 जुलै 1837 रोजी. म्हणजे आधी सरकारी सूचीत पाहायचं. तिथे आईचं माहेरचं आडनावही मिळतं. नाव नसेल तर दोन शक्यता: जन्म जुलैच्या आधीचा, किंवा नोंदच झाली नाही. नोंदणी न केल्यास दंडाची खरी भीती 1875 पासूनच निर्माण झाली. मग चर्चची वही उघडायची.

बाप्तिस्म्यावरून आईबाप मिळाले की त्यांना 1851 च्या गणनेत गाठायचं. बाप 40 वर्षांचा, जन्म शेजारच्या गावचा असेल तर त्या गावच्या 1810-11 च्या नोंदी चाळायच्या. खरी परीक्षा इथे सुरू होते. त्या वर्षी त्याच नावाची दोन बाळं निघतात, बहुधा चुलतभाऊ. आपला कोणता? पहिलं काम म्हणजे दफनाची वही पाहणं. त्यांतलं एक बाळ लहानपणीच दगावलं असेल तर प्रश्न सुटतो. मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवायची पद्धत होती, म्हणून हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. दोन्ही वाचली असतील तर मृत्युपत्रं पाहायची, लग्नातले साक्षीदार पाहायचे. कुटुंब गरीब असेल तर पॅरिशची वस्तीची कागदपत्रं पाहायची. 1662 च्या कायद्याने गरिबाला पोसायची जबाबदारी त्याच्या ‘हक्काच्या’ पॅरिशवर टाकली होती. त्यामुळे मदत मागणाऱ्याची उलटतपासणी घेऊन त्याचा जन्म, नोकऱ्या, लग्न सगळं लिहून काढत. श्रीमंताचं चरित्र त्याचे नातेवाईक लिहितात. इंग्लंडमधल्या भटक्या मजुराचं चरित्र त्याला हाकलून देऊ पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे.

तारखांचा एक सापळा ध्यानात ठेवावा. 1752 च्या आधी इंग्लंडमध्ये नवं वर्ष 25 मार्चला लागे. एखाद्या बाळाचा बाप्तिस्मा एप्रिल 1725 चा आणि दफन जानेवारी 1725 चं दिसलं, तर नोंद चुकलेली नाही. तो जानेवारी आपल्या हिशेबाने 1726 चा. दिनदर्शिका बदलताना 2 सप्टेंबर 1752 नंतर थेट 14 सप्टेंबर उजाडला. त्यामुळे मधल्या अकरा दिवसांच्या नोंदी शोधत बसू नये.

अँग्लिकन चर्चच्या वहीतून काही घराणी निसटतात. बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, क्वेकर, कॅथलिक यांच्या नोंदी वेगळ्या. त्यांतल्या बऱ्याच लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पॅरिशच्या शंभर वर्षांहून जुन्या वह्या सहसा काउंटीच्या दप्तरखान्यात मिळतात. आता लाखो पानांच्या प्रतिमा घरबसल्या दिसतात. सूची मात्र कोणीतरी वाचून टंकलेली असते, म्हणून सूचीवर न थांबता मूळ पानाची प्रतिमा पाहायलाच हवी. सूचीत एक ओळ दिसते. पानावर मात्र शेजारची घरं आणि समासातला शेराही दिसतो.

मुंबईहून लंडनला गेलेल्या प्रती

या शोधाची एक वाट महाराष्ट्रातून जाते. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनांच्या प्रती कंपनीच्या काळापासून लंडनला जात असत. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत मागे जातात. 30 डिसेंबर 1865 रोजी मुंबईत जन्मलेल्या रड्यार्ड किपलिंगचा बाप्तिस्मा फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये झाला. पुणे, अहमदनगर, देवळाली इथल्या छावण्यांतले सैनिक आणि इगतपुरी, भुसावळचे रेल्वे कामगार यांची कुटुंबंही याच नोंदींतून शोधावी लागतात. मात्र बाप गोरा आणि आई इथली असेल तिथे आईच्या रकान्यात बऱ्याचदा नुसतं ख्रिस्ती नाव मिळतं, कधी तेही नसतं. साहेबांच्या मुलांना सांभाळत इंग्लंडला गेलेल्या आयांचंही तेच. अनेक नोंदींत त्या मालकाच्या आडनावाच्या मागे नुसत्या ‘आया’ म्हणून उभ्या आहेत.

रक्त आणि कागद

कागद जपून जोडला तर किती दूर नेतो, हे तिसऱ्या रिचर्ड राजाच्या सांगाड्याने दाखवलं. 2012 मध्ये लेस्टर इथल्या वाहनतळाखाली तो सापडला. त्याच्या बहिणीपासून आईकडून मुलीकडे चालत आलेली वंशरेषा कागदपत्रांवरून आजपर्यंत आणली होती. त्या वंशजाच्या डीएनएशी सांगाड्याचा मेळ बसला. पण बापाकडून मुलाकडे जाणारी दुसरी रेषाही तपासली, तेव्हा तिथे मेळ बसला नाही. साखळीत कुठेतरी कागदावरचा बाप हा खरा बाप नव्हता. उमरावांच्या काळजीपूर्वक राखलेल्या वंशावळीत असं होतं, तर सामान्यांच्या वहीत का होणार नाही? बाप्तिस्म्याची नोंद सांगते ती एवढंच, की त्या दिवशी चर्चमध्ये बाप म्हणून कोणाचं नाव सांगितलं गेलं.

वंशावळीचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा घाईने. एखादं पान सापडत नाही, हाती नुसतं जुळणारं नाव असतं आणि तेच रिकाम्या चौकटीत बसवलं जातं. मग पुढच्या पिढ्या भलत्याच माणसाच्या लागतात आणि कोणीतरी ती वंशावळ उतरवून घेतो. तुम्ही हे काम हाती घेतलंत तर प्रत्येक नात्यापुढे त्याचा पुरावा लिहा: कोणती वही, कोणतं पान, कोणती तारीख. पुरावा नसेल तर चौकट कोरी ठेवा. तुमच्यानंतर शोधणाऱ्याला चुकीच्या पणजोबापेक्षा ती कोरी चौकट जास्त उपयोगी पडेल.